अंगणातले रानसफरचंद : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

वसंत अंकातल्या या सदरात मी उत्तर अमेरिकेच्या मूळच्या रानसफरचंदाविषयी, म्हणजे इथे ज्याला सगळे क्रॅबॲपल म्हणतात त्या झाडाविषयी, थोडक्यात लिहिले होते. घराभोवती एका लहान झाडापुरती जागा असेल, तर आशियातून आणलेल्या शोभेच्या झाडाऐवजी याच मातीतले रानसफरचंद लावावे, एवढेच माझे म्हणणे होते. त्यावर अमेरिका आणि कॅनडातल्या वाचकांची बरीच पत्रे आली. एकाच विषयाचे प्रश्न एकत्र करून त्यांना इथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी आम्ही नर्सरीतून क्रॅबॲपलचे झाड आणले. त्याची फुले गर्द गुलाबी आहेत, पाने जांभळट आहेत आणि फळे वाटाण्याहून थोडी मोठी, लालभडक येतात. तुम्ही लिहिले ते मूळचे झाड हेच का? नसेल तर मूळचे झाड कसे ओळखावे? (एक वाचक, इलिनॉय)

उत्तर : तुमचे झाड इथले मूळचे नाही. ही गल्लत नावामुळे होते. ज्या सफरचंदाचे फळ दोन इंचांपेक्षा लहान असते त्याला क्रॅबॲपल म्हणण्याचा प्रघात आहे, मग ते झाड जपानचे असो, सायबेरियाचे असो की मिसिसिपीच्या खोऱ्यातले असो. नर्सऱ्यांमध्ये मिळणारी बहुतेक झाडे (मॅलस हे सफरचंदाच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव) मॅलस फ्लोरिबुंडा, मॅलस बकाटा, मॅलस सार्जेंटी अशा आशियाई जातींपासून किंवा त्यांच्या संकरांतून तयार झालेली असतात. तुमच्या झाडाच्या पानांत जो जांभळा रंग आहे, तसा रंग या संकरांमध्ये मध्य आशियातल्या मॅलस निएडझ्वेट्स्कियाना या जातीकडून आलेला असतो.

उत्तर अमेरिकेच्या मूळच्या जाती चार मानल्या जातात. महासरोवरांच्या परिसरापासून ओहायोच्या खोऱ्यापर्यंत आणि ॲपलेशियन डोंगररांगांमध्ये आढळते ती मॅलस कोरोनारिया, आणि आयोवा, इलिनॉय, मिसूरी, विस्कॉन्सिन या गवताळ प्रदेशाची ती मॅलस आयोएन्सिस. व्हर्जिनियापासून दक्षिणेकडे उत्तर फ्लोरिडापर्यंत अरुंद पानांची मॅलस अँगस्टिफोलिया मिळते. चौथी मॅलस फुस्का ही पश्चिम किनाऱ्याची असून अलास्कापासून उत्तर कॅलिफोर्नियापर्यंत पसरलेली आहे. तुम्ही इलिनॉयमध्ये राहता, तेव्हा तुमच्यासाठी आयोएन्सिस ही सर्वांत योग्य जात. तिच्या पानांच्या मागच्या बाजूला बोट फिरवले तर दाट, मऊ लव हाताला लागते, आणि कोरोनारियापासून तिला वेगळे ओळखण्याची हीच सोपी खूण आहे.

ओळख पटवायची उत्तम वेळ म्हणजे मे महिना. आशियाई झाडांचा आणि खाण्याच्या सफरचंदाचा बहर ओसरू लागला की, साधारण आठवडाभराने, कोरोनारिया आणि आयोएन्सिस फुलू लागतात, आणि तोवर त्यांची पाने बरीचशी उलगडलेली असतात. कळी गर्द गुलाबी असते, उमललेले फूल फिकट होत जाते, आणि सुगंध इतका असतो की झाड दिसण्याआधी त्याचा वास येतो. फुलाच्या आत डोकावून परागकोश पाहावेत. खाण्याच्या सफरचंदाचे परागकोश पिवळे असतात, तर या दोन्ही जातींचे परागकोश लालसर गुलाबी दिसतात. नव्या लांब फांदीवरची पाने कडेला खाचदार असतात. फळ मात्र कधी लाल होत नाही. ते हिरवे राहते, फार तर पिवळसर होते, आणि हातात घेतले तर मेण लावल्यासारखे चिकट लागते.

नर्सरीत जाताना झाडाचे पूर्ण शास्त्रीय नाव विचारून घ्यावे. नुसते 'नेटिव्ह क्रॅबॲपल' असे लिहिलेली पाटी पुरेशी नाही. माझ्या स्वतःच्या पहिल्या खरेदीत अशीच पाटी वाचून मी झाड आणले आणि चौथ्या वर्षी लाल फळे धरल्यावर खरा प्रकार कळला. आयोएन्सिसची दुहेरी पाकळ्यांची एक प्रसिद्ध निवड 'बेक्टेल' या नावाने विकली जाते. ती दिसायला गुलाबासारखी देखणी आहे, पण तिला फळ क्वचितच धरते, म्हणून पक्ष्यांसाठी झाड लावणाऱ्याने ती घेऊ नये.

तुमचे आत्ताचे झाड तोडण्याची मुळीच गरज नाही. त्याची लहान लाल फळे पक्षी हिवाळ्यात खातात. त्याच्या सोबतीला एक आयोएन्सिस लावावे.

प्रश्न : एकच झाड लावले तर फळ धरेल का? (एक वाचक, मिशिगन)

उत्तर : सफरचंदाच्या कुळात बहुतेक झाडांना स्वतःच्या परागाने फळ धरत नाही, त्यामुळे आसपास दुसरे झाड असलेले बरे. शेजारी खाण्याचे सफरचंद किंवा उशिरा फुलणारे शोभेचे झाड असेल, तर मधमाश्या ते काम करून टाकतात. तुम्हाला फक्त फळ हवे असेल तर तेवढे पुरते. मात्र त्या फळातल्या बियांपासून रोपे करायची असतील तर हा प्रश्न नाजूक होतो, कारण मूळच्या जाती खाण्याच्या सफरचंदाशी सहज संकर पावतात. आयोएन्सिस आणि खाण्याचे सफरचंद यांच्या संकराला मॅलस सुलार्डी असे स्वतंत्र नावच आहे, आणि कोरोनारियाचा तसाच संकर मॅलस प्लॅटिकार्पा या नावाने ओळखला जातो. कॅनडात दक्षिण ऑन्टारियोतल्या कोरोनारियाच्या बियांमध्येही असे संकर आढळले आहेत. जात शुद्ध ठेवायची असेल तर एकाच परिसरातल्या रानातल्या बियांपासून झालेली दोन वेगवेगळी रोपे लावावीत.

प्रश्न : आमच्या गावाबाहेरच्या रस्त्याकडेला कोरोनारियाची जुनी झाडे आहेत. त्यांच्या बिया आणून रोपे करता येतील का? कलमी रोप घेणे अधिक सोपे नाही का? (एक वाचक भगिनी, ओहायो)

उत्तर : कलम सोपे आहे, यात शंका नाही. कलमी झाड तीन ते पाच वर्षांत फुलते, तर बियांपासून वाढवलेल्या झाडाला पाच ते दहा वर्षे लागतात. तरीही माझे मत बियांच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण पुढच्या उत्तरात येईलच.

जमिनीच्या मालकाची परवानगी घेऊन सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरमध्ये खाली पडलेली फळे गोळा करावीत, आणि बरीचशी तिथेच प्राण्यांसाठी राहू द्यावीत. फळे आठवडाभर सावलीत ठेवली की मऊ पडतात. मग ती कुस्करून पाण्यात कालवावीत. गर आणि पोकळ बिया वर तरंगतात, भरलेल्या बिया तळाशी बसतात, त्या घ्याव्यात. या बियांना उगवण्यापूर्वी दीर्घकाळ ओली थंडी लागते. ओलसर वाळूत किंवा पीट मॉसमध्ये मिसळून, पिशवीत भरून त्या फ्रिजमध्ये ३५ ते ४० अंश फॅरनहाइटला तीन ते चार महिने ठेवाव्यात. वाळू मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये, इतपतच ओल असावी. पिशवीवर जातीचे नाव, जागा आणि तारीख न विसरता लिहावी. फेब्रुवारीअखेरीपासून पिशवी दर आठवड्याला उघडून पाहावी. बियांच्या टोकाला पांढरे मूळ डोकावू लागले की लगेच पेरावे, कारण मूळ लांबले तर ते हाताळताना मोडते.

फ्रिज नको असेल तर ऑक्टोबरमध्येच वाफ्यात अर्धा इंच खोल पेरणी करून बाकीचे काम हिवाळ्यावर सोपवावे. अशा वाफ्यावर बारीक छिद्रांची तारेची जाळी खिळून बसवावी लागते, नाहीतर उंदीर एक बी शिल्लक ठेवत नाहीत. रोपांची मुळे खोल जातात, म्हणून कुंड्या उथळ न घेता उभट घ्याव्यात आणि एक-दोन वर्षांत रोप कायमच्या जागी न्यावे.

प्रश्न : लागवड कशी आणि कधी करावी? आमची जमीन चिकणमातीची आहे आणि हिवाळ्यात दोन-तीन फूट बर्फ साचतो. (एक वाचक, मिनेसोटा)

उत्तर : तुमच्याकडेही आयोएन्सिसच लावावे, आणि जमिनीतला बर्फ विरघळल्यावर पण कळ्या फुटण्यापूर्वी लावावे. दिवसाला किमान सहा तास ऊन मिळेल अशी जागा निवडावी, कारण सावलीत झाड जगते पण फुलत नाही, आणि पाने उशिरापर्यंत ओली राहून रोग वाढतात. चिकणमाती या झाडाला चालते, तळ्यासारखे साचलेले पाणी मात्र चालत नाही. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दोन-तीन पट रुंद असावा, पण गोळ्याच्या उंचीपेक्षा खोल नसावा. खोड जिथे रुंदावून मुळांना मिळते तो भाग जमिनीच्या वर दिसलाच पाहिजे. खड्ड्यात बाहेरचे खत भरू नये, निघालेली मातीच परत घालावी. पहिली दोन वर्षे पाऊस नसेल त्या आठवड्यात एकदा भरपूर पाणी द्यावे. दोन-तीन इंच जाडीचे लाकडी भुश्याचे आच्छादन घालावे, पण ते खोडापासून चार बोटे दूर ठेवावे.

हे अंतर राखण्याचे कारण मी नुकसान सोसून शिकलो. विस्कॉन्सिनमधल्या माझ्या परसात बियांपासून वाढवलेले एक आयोएन्सिस चौथ्या वर्षी माझ्या कमरेएवढे झाले होते. त्या शरद ऋतूत मी थंडीच्या काळजीने भुसा थेट खोडाला टेकवून चांगला हातभर उंच रचला. मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर भुसा बाजूला केला, तर खोडाभोवती बोटभर रुंदीचा पांढराशुभ्र पट्टा दिसला. त्यावर बारीक दातांच्या आडव्या रेघा इतक्या स्पष्ट होत्या की त्या मोजता आल्या असत्या. व्होल नावाच्या आखूड शेपटीच्या उंदरांनी बर्फाखालच्या बोगद्यातून येऊन, भुश्याच्या उबेत बसून, साल पूर्ण गोलाकार कुरतडली होती. एप्रिलअखेरीपर्यंत वरचा सगळा भाग वाळून गेला. मी ते उपटणारच होतो, पण मेच्या मध्यास त्या पट्ट्याच्या खालून तीन कोवळे, लव असलेले अंकुर वर आले. त्यांतला एक ठेवला, आणि आज तेच झाड पंधरा फुटांचे होऊन दरवर्षी फुलते. ते झाड कलमी असते, तर खालून आलेले अंकुर ज्यावर कलम बांधतात त्या खुंटाचे, म्हणजे बहुधा खाण्याच्या सफरचंदाचे निघाले असते आणि रानसफरचंद संपले असते. स्वतःच्या मुळांवरचे झाड घ्या असे मी सांगतो ते यासाठी.

लागवडीच्या दिवशीच खोडाभोवती पाव इंच छिद्रांच्या जाळीचे नळकांडे बसवावे. ते दोन इंच जमिनीत गाडावे, आणि त्याची उंची तुमच्याकडच्या बर्फाच्या थरापेक्षा किमान दीड फूट अधिक असावी, कारण ससे साचलेल्या बर्फावर उभे राहून वरची साल खातात. हरणांचा वावर असेल तर पहिली काही वर्षे पाच फुटांचे वेगळे कुंपणही लागेल.

प्रश्न : जूनमध्ये आमच्या कोरोनारियाच्या पानांवर केशरी ठिपके पडतात, आणि ऑगस्टपर्यंत अर्धे झाड पिवळे होते. शेजाऱ्यांकडे रेड सीडरची, म्हणजे ज्युनिपरच्या जातीच्या सदाहरित झाडांची, रांग आहे आणि दोष तिचा आहे असे कळले. त्यांना ती झाडे तोडायची विनंती करावी का? फवारणी करावी का? (एक वाचक, व्हर्जिनिया)

उत्तर : दोन्ही करू नये, असे मी स्पष्ट सांगतो. हा तांबेरा आहे. त्याची बुरशी दोन झाडांवर आलटून पालटून जगते. रेड सीडरच्या फांद्यांवर तिच्या तपकिरी, वाटाण्यापासून ते गोल्फच्या चेंडूपर्यंत आकाराच्या गाठी असतात. वसंतातल्या कोमट पावसात या गाठी फुगतात आणि त्यांतून जेलीसारखी लिबलिबीत केशरी शिंगे बाहेर येतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला फांदीवर काही सागरी प्राणी येऊन बसल्यासारखा भास होतो. त्या शिंगांवर तयार झालेले बीजाणू वाऱ्याने सफरचंदाच्या कोवळ्या पानांवर येतात. उन्हाळ्याच्या शेवटी पानांच्या मागच्या बाजूने नवे बीजाणू सुटतात, आणि ते फक्त सीडरवर रुजतात. एका सफरचंदाच्या पानावरून दुसऱ्या पानावर हा रोग जात नाही. त्यामुळे जूनमध्ये ठिपके दिसल्यावर केलेली फवारणी वाया जाते. फवारणी उपयोगी पडायची तर ती कळी गुलाबी दिसू लागल्यापासून करावी लागते, म्हणजे नेमकी मधमाश्यांच्या दिवसांत, आणि ज्या झाडावर कीटक यावेत म्हणून आपण ते लावले त्याच झाडावर.

सीडर तोडण्याची कल्पना तुमच्या राज्याला नवी नाही. सफरचंदाच्या बागा वाचवण्यासाठी व्हर्जिनियाने १९१४ साली कायदा करून बागेपासून दोन मैलांच्या आतले रोगट सीडर पाडण्याचा अधिकार सरकारी अधिकाऱ्याला दिला. एका मालकाने त्याविरुद्ध दाद मागितली आणि प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९२८ साली न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. तो प्रश्न बागाईतदारांच्या उत्पन्नाचा होता. तुमच्या अंगणात तसा प्रश्न नाही. रेड सीडरही इथलेच मूळचे झाड आहे, आणि हिवाळ्यात पक्ष्यांना तेही अन्न आणि आसरा देते. शिवाय बीजाणू काही मैल उडत येतात, तेव्हा शेजारची रांग गेली तरी ठिपके राहतीलच, आणि शेजारधर्म मात्र जाईल.

मूळच्या जातींना तांबेरा होतो हे मान्य करूनच त्या लावाव्या लागतात. झाड यामुळे सहसा मरत नाही. ते ओलसर, कोंदट कोपऱ्यात असेल तर आतल्या एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या विरळ करून हवा खेळती करावी. काळपट, मखमली डाग पडून पाने गळत असतील तर तो खपली रोग असतो. त्याची बुरशी गळलेल्या पानांत हिवाळा काढते, म्हणून ती पाने शरद ऋतूत गोळा करून दूर टाकावीत.

खरी धावपळ करावी असा रोग एकच, फायर ब्लाइट. हा जिवाणूंमुळे होतो. इलिनॉयमधल्या टॉमस बरिल यांनी १८८० च्या सुमारास याच रोगाचा अभ्यास करून जिवाणूंमुळे वनस्पतींना रोग होतो हे दाखवून दिले. कोवळा शेंडा भाजल्यासारखा काळा पडून काठीच्या मुठीसारखा वाकतो आणि पाने न गळता लटकून राहतात, ही त्याची खूण. कोरड्या दिवशी, दिसणाऱ्या रोगाच्या एक फूट खाली फांदी कापावी आणि प्रत्येक कापानंतर कात्री ७० टक्के अल्कोहोलने पुसावी. नत्रयुक्त खत देणे थांबवावे, कारण जोरात वाढणाऱ्या कोवळ्या फांद्यांवर हा रोग झपाट्याने पसरतो. हिरवळीला घातलेले खतही झाडाच्या मुळांपर्यंत पोचते, हे लक्षात ठेवावे.

प्रश्न : एप्रिलमध्ये फांद्यांच्या बेचक्यात पांढऱ्या जाळ्या आणि शेकडो अळ्या दिसल्या. काय करावे? (एक वाचक भगिनी, पेनसिल्व्हेनिया)

उत्तर : त्या टेंट कॅटरपिलर नावाच्या, इथल्याच पतंगाच्या अळ्या आहेत. झाड मोठे आणि निरोगी असेल तर काहीही करू नये. पाने खाल्ली गेली तरी जूनपर्यंत नवी येतात. रोप लहान असेल तर सकाळी अळ्या जाळ्यात असतानाच काडीला गुंडाळून जाळे काढून टाकावे. जाळ्यासकट फांदी जाळण्याचा जुना सल्ला कोणी दिला तर ऐकू नये, त्यात झाड अधिक भाजते. या केसाळ अळ्या बहुतेक पक्षी टाळतात, पण आपल्या कोकिळेच्या कुळातले इथले कुकू त्या आवडीने खातात. डेलावेअर विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ डग्लस टॅलमी यांच्या यादीत सफरचंदाच्या प्रजातीवर वाढणाऱ्या पतंग-फुलपाखरांच्या जाती ३०० हून अधिक आहेत, आणि सेक्रोपियासारखा तळहातापेक्षा मोठा देखणा पतंगही त्यांत येतो. पिलांना भरवायला पक्ष्यांना याच अळ्या लागतात.

प्रश्न : झाडाला काटे असतात असे ऐकले. लहान मुले खेळतात तिथे लावावे का? मुळांतून रोपे फुटून जागा व्यापतात, हेही खरे का? (एक वाचक, इंडियाना)

उत्तर : दोन्ही खरे आहे. आखूड फांद्यांची टोके टोकदार होतात आणि त्यांनी चांगले ओरखडे येतात. झोपाळ्याजवळ किंवा पायवाटेच्या वळणावर हे झाड लावू नये. कुंपणाच्या कडेला, घरापासून आणि इतर झाडांपासून १५ ते २० फूट दूर ते शोभते. मुळांतून येणारे फुटवे वाढू दिले तर काही वर्षांत जाळी तयार होते. जागा असेल तर ती होऊ द्यावी, कारण त्या काटेरी जाळीत पक्षी निर्धास्त घरटी करतात. एकच खोड हवे असेल तर फुटवे कोवळे असतानाच मुळाशी ओढून काढावेत. छाटणी फेब्रुवारी-मार्चमध्ये करावी, पण सरळ वर जाणारे पानसोट आणि वाळलेल्या फांद्या यांपुरतीच. पुढच्या वसंताच्या फुलकळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार झालेल्या असतात, त्यामुळे हिवाळ्यात झाड भादरले की बहरही जातो.

प्रश्न : आम्ही सिएटलजवळ राहतो. परसाचा एक कोपरा हिवाळाभर पाणथळ असतो. तिथे रानसफरचंद येईल का, आणि फळ खाता येते का? (एक वाचक, वॉशिंग्टन राज्य)

उत्तर : तुमच्यासाठी मॅलस फुस्का आहे. ती ओढ्याकाठी, दलदलीच्या कडेला, किनाऱ्यालगतही वाढते, आणि चौघींपैकी अशा जागी मनापासून वाढणारी हीच एक. तिची फुले पांढरी असतात, आणि फळे लांबट, जेमतेम अर्ध्या इंचाची, घोसांनी येतात. वायव्य किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांचे हे महत्त्वाचे अन्न होते. ते ही फळे लाकडी पेट्यांत पाण्यात बुडवून हिवाळाभर टिकवत असत.

फळ कच्चे खाल्ले तर दात आंबतात. मात्र चारही जातींच्या फळांत पेक्टिन भरपूर असते, त्यामुळे जेली उत्तम होते. फळे देठ काढून, मोठी असल्यास दोन तुकडे करून, बुडतील इतक्याच पाण्यात अर्धा तास शिजवावीत. बियांत ॲमिग्डॅलिन हे विषारी द्रव्य निर्माण करणारे रसायन असते, म्हणून मिक्सरमध्ये फिरवू नयेत. शिजलेला लगदा मलमलच्या फडक्यात बांधून रात्रभर टांगून ठेवावा. चक्का बांधतो तसाच, पण फडके पिळू मात्र नये, पिळले की रस गढूळ होतो. एक वाटी रसाला पाऊण वाटी साखर घालून मोठ्या आचेवर उकळावे. २२० अंश फॅरनहाइटला जेली तयार होते. थर्मामीटर नसेल तर फ्रीझरमध्ये थंड केलेल्या बशीवर थेंब टाकून मिनिटभराने बोटाने सरकवावा. त्यावर सुरकुती पडली की गॅस बंद करावा.